टाचेची जागा

१

सकाळचा चहा झाला की मी मागच्या पडवीत पोतं अंथरतो. समोर साबणाच्या पाण्याची बादली, डाव्या हाताला पॉलिश पेपर, जाड ते बारीक असे ओळीने, उजव्या हाताला जुन्या बनियनचे तुकडे. मांडीवर इंजिनचं कव्हर घ्यायचं आणि घासत बसायचं. मशीनवर हेच काम चहा निवायच्या आत होतं, पण मशीनने कडा खाल्ल्या जातात आणि कव्हरवरची अक्षरं बुजतात. म्हणून जुन्या मोटारसायकलींचे शौकीन अजून माझ्याकडे येतात. धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर आता करायचं काय, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आमच्या लताबाईंना पडला होता. "दिवसभर घरमा बशीसन मना डोका खाशात, त्यापेक्षा घासा काहीतरी," असं म्हणून तिनेच पहिलं पोतं आणून दिलं.

ॲल्युमिनियम दिसायला पांढरं, पण घासलं की काळं सुटतं. ते नखात जाऊन बसतं आणि लग्नाकार्यात हात लपवावे लागतात. काम तसं सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. एक पेपर आडवा मारला की पुढचा उभा मारायचा, आणि आडव्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. शेवटी पॉलिशची पेस्ट आणि बनियन. मग त्यात आपलंच थोबाड दिसतं, ते बघायची हौस असेल त्याने बघावं.

कव्हर बघून मी गाडीचा मालक ओळखतो, ही माझी फुशारकी. डाव्या बाजूचं मॅग्नेट कव्हर गिअरच्या पायाजवळ असतं. गिअर टाकताना टाच तिथे लागत राहते आणि वर्षानुवर्षांत तिची एक जागा तयार होते. जड माणसाची जागा रुंद होते. चपलेवर गाडी चालवणाऱ्याची वर सरकते. आणि पाय आत वळवून बसणाऱ्याची जागा तिरकी, खाली, पेढ्याएवढी.

आमचा ललित पाय आत वळवून बसायचा.

तो आमचा एकुलता एक. अडीच वर्षांपूर्वी गणपती उठल्यावर तो चोपड्याला आत्याकडे जातो म्हणून निघाला. माझी थोरली बहीण, प्रमिलाअक्का, तिथे दिली आहे. तो पोचला नाही. तापीच्या पुलापासून थोडी अलीकडे त्याची मोटारसायकल रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली सापडली, किल्ली जागच्या जागी. नदीत शोधलं, केळीच्या बागा पालथ्या घातल्या, पेपरात फोटो दिला. घरात भांडण नव्हतं, कुणाशी काही नव्हतं. सकाळी दशम्या बांधून घेऊन गेला होता पोरगा. त्यानंतर काही नाही.

गाडी तेव्हापासून पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी होती. यंदा संक्रांतीला ती आम्हाला परत मिळाली. इंजिनवर पांढरी बुरशी चढली होती. लता म्हणाली, "तो ऊना म्हंजे काय म्हनी? मनी गाडीना काय हाल करी टाकात!" तिच्या बोलण्यात 'आला म्हणजे' असायचं, 'आला तर' कधीच नसायचं. मी इंजिनची कव्हरं खोलली आणि पोतं अंथरलं.

मॅग्नेट कव्हरवरची बुरशी निघाली तशी खाली त्याच्या टाचेची जागा दिसली. लता लसूण सोलत शेजारीच बसली होती. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "तेवढं ऱ्हाऊ द्या."

"अर्धं पॉलिश म्हणजे अर्धी मिशी," मी म्हटलं. "ती घेऊन कोणी बाजारात जातं का?"

ती उठून आत गेली. मी संध्याकाळपर्यंत घासलं, आणि खरं सांगायचं तर घासताना मला रडू येत होतं. कव्हर आरशासारखं झालं. मी ते फडक्यावर पालथं न घालता तसंच पडवीतल्या फळीवर ठेवलं.

सकाळी टाचेची जागा होती तिथे परत आली होती.

२

लता खूश झाली. मी तिचं ऐकून तेवढी जागा ठेवली, असं तिला वाटलं. मी चष्मा पुसून कव्हर उजेडात नेलं.

माणसाने आधी सोपं कारण बघावं, ही वर्कशॉपची शिकवण. गाडीत आवाज येतो म्हणजे काहीतरी सैल आहे, भूत बसलेलं नसतं. ॲल्युमिनियम उघडं राहिलं की मंद पडतं. थंडीत दव पडतं. मांजर फळीवर चढतं. आणि संध्याकाळच्या उजेडात मला नीट दिसलंही नसेल, वय झालं. अशी चार कारणं जुळवून मी ती जागा पुन्हा घासली, दुपारच्या लख्ख उजेडात, बोट फिरवून खात्री करून.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तशीच तिरकी, तशीच खाली.

मग मला लताचा संशय आला. लाज वाटण्यासारखीच गोष्ट, पण आला. आईचं मन आहे, पेपर हाताशी असतात, मी झोपल्यावर घासत असेल. मी तिला सरळ विचारलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिच्या ताटात माती टाकली.

"मी? मी घासू? माले तर तुम्हना तो कागद कोनता बाजूनी धरतस ते बी ठाऊक नही."

ते खरं होतं, आणि त्याहून खरं त्या रेघा सांगत होत्या. हाताने घासलं की रेघा गोल जातात किंवा मागेपुढे जातात. ह्या रेघा बुटाच्या होत्या. वरून खाली येणाऱ्या, शेवटी किंचित मागे ओढलेल्या, एकीवर एक. अशी रेघ कागदाने काढता येत नाही. मी काढून बघितली, मला जमली नाही.

शेवटी मी कव्हर पुन्हा आरसा केलं, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली करदोट्याला बांधली. लता हसली. "पोलीस व्हई ग्यात का तुम्ही?" म्हणाली. खूप दिवसांनी हसली होती, म्हणून मीही हसलो.

सकाळी मी कपाट उघडलं. धोतराची घडी जशीच्या तशी होती. ती सोडवताना आतल्या पदराला लागलेलं काळं मला दिसलं, ओलं आणि ताजं, आणि त्या काळ्याखाली ती जागा.

मी कव्हर हातात घेतलं आणि पटकन पोत्यावर टाकलं. ते गरम होतं.

३

फाल्गुन लागला होता, पण सकाळी अजून शाल लागत होती. फळीवरची बाकी कव्हरं हाताला गार लागत होती. हे एकच गरम होतं. चटका बसावा असं नाही, गाडी लांबून आणून दारात लावली की थोड्या वेळाने इंजिन लागतं तसं.

मी लताला हाक मारली. तिने कव्हरवर हात ठेवला आणि काढला नाही.

"तूच उनमा ठेवं व्हई," मी म्हटलं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती हे मला आठवत होतं, तरी मी म्हटलं.

"दखा ना," ती हळूच म्हणाली, "गाडी चालाडी राहिना तो. आते आते थांबना व्हई." तो गाडी चालवत होता, आत्ताच थांबला असेल, असं तिचं म्हणणं.

त्या दिवसापासून आमच्या घराची घडीच बदलली. लता सकाळी उठली की आधी पडवीत जायची. कव्हरवर तळवा टेकवायची, जागेवरून बोट फिरवायची, आणि आत येऊन मला बातमी द्यायची. आज लांब गेला होता. आज जवळच होता. आज रस्ता खराब होता वाटतं, रेघा तुटक आहेत. शेजारणीला जसं दुबईच्या पोराचा फोन आल्याचं कौतुक, तसं हिला. तिने केसांना तेल लावायला सुरुवात केली. जेवण वाढताना माझ्याशी भांडू लागली, भाजीत मीठ कमी पडलं तर माझ्यावर ढकलू लागली. अडीच वर्षांत ती माझ्याशी भांडलीसुद्धा नव्हती, आणि घरात भांडण नसलं की किती भीती वाटते ते मला तोवर कळलं होतं.

आवाज मी आधी ऐकला. भर दुपारी लता आत पडली होती आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी कव्हरला पेस्ट लावत होतो. फळीवरून टिक असं झालं. थोड्या वेळाने पुन्हा टिक. चालवून आणलेलं इंजिन थंड होताना असा आवाज करतं, लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळं आकसतं म्हणून. पण त्याला अख्खं इंजिन लागतं. इथे फळीवर एक सुटं कव्हर होतं, त्याला ना बोल्ट, ना पॅकिंग.

वरचे पत्रे असतील, मी म्हटलं. पत्रे उन्हाने वाजतात. मी उठून फळीला कान लावला आणि आवाज बंद होईपर्यंत तसाच उभा राहिलो. दोन टिकांमधलं अंतर वाढत वाढत गेलं आणि शेवटी तो थांबला, अगदी दारात लावलेली गाडी शांत होते तसा. पत्रे असे शांत होत नाहीत.

एकदा लता आंघोळीला गेली होती तेव्हा मीही त्या कव्हरवर तळवा टेकवला. पोर तापाने फणफणलं असताना कपाळावर ठेवतात तसा. मला बरं वाटलं. लाज वाटली, आणि बरं वाटलं. बाथरूमचं दार वाजलं तसा मी हात काढून घेतला.

४

चैत्र लागला. उन्हाने धुळं भाजून निघू लागलं. आता सगळीच कव्हरं गरम लागायची, त्यामुळे माझी कारणं मला परत मिळाली होती. पण तोवर मला दुसरंच काही दिसू लागलं होतं.

मी ती जागा आता घासत नव्हतो. लताने घासू दिली नसती. तरी ती बदलत होती. एक दिवस बोट फिरवताना मला तिथे खड्डा लागला. मी स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं, तर पट्टीखालून उजेड आरपार दिसला. नखाने वाजवलं तर बाकी कव्हर घट्ट वाजायचं आणि तेवढी जागा डब्याच्या झाकणासारखी. जन्मभर गाडी चालवून बुटाने एवढी झीज होत नाही. इथे ती दोन महिन्यांत झाली होती.

मी भिंग घेऊन बसलो. गाडी चालवणारा माणूस मध्येच पाय काढतो. सिग्नलला टेकतो, चहाला थांबतो, लघवीला थांबतो. त्या थांबण्याच्या खुणा झिजेत असतात, तिथे धूळ बसते, रेघ तुटते आणि दुसरीकडून सुरू होते. सुरुवातीच्या दिवसांत लता म्हणायची तशा तुटक रेघा मीही बघितल्या होत्या. आता एकही रेघ तुटलेली नव्हती. ह्या झिजेत थांबणं कुठेच नव्हतं.

लताला वाटत होतं पोरगा मजेत हिंडतोय. मला दिसत होतं की त्याला थांबता येत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली तशी अक्का चोपड्याहून आली, लोणच्याची बरणी आणि मनातलं बोलणं दोन्ही घेऊन. खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसांची घागर भरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना पाणी मिळावं, गोडाचा घास मिळावा म्हणून. आमच्याकडे आबांची आणि आईची घागर दरवर्षी भरली जायची. ललितची लताने भरू दिली नव्हती.

"दोन आखाज्या कोरड्या ग्यात पोऱ्याच्या," अक्का म्हणाली. "त्याले पानी देणारं कोनी नही. तुम्ही मायबाप शेतस ना?"

"जित्ता माणूसनी घागर भरस का कोनी?" लता चुलीपासून न वळता म्हणाली. "भरी तर तो मरी. मी भराव नही."

अक्काने माझ्याकडे बघितलं. एरवी अशा वेळी मी दोघींची चेष्टा करून बाहेर सटकतो. नणंद-भावजयीच्या मध्ये पडणारा शहाणा मी अजून बघितलेला नाही. पण त्या दिवशी मी कव्हर आणून लताच्या पुढ्यात ठेवलं. पट्टी धरून तिला खालचा उजेड दाखवला. बोट धरून खड्ड्यात फिरवलं. रेघा कशा वाचायच्या ते समजावलं, माणूस कुठे कुठे पाय काढतो ते सांगितलं.

"इतकं कोणी जित्तं माणूस चालवत नाही, लता," मी म्हटलं. "तो गेलाय. गेलाय आणि त्याला कुणी बस म्हटलेलं नाही, म्हणून तो फिरतोय."

ती बराच वेळ खड्ड्यात बोट ठेवून बसली.

"मंग तो निजस कव्हय?" तिने विचारलं.

"नाही निजत."

"माले वाटे तो येवाना रस्तावर शे."

मी त्या दिवशी खूप चांगलं बोललो. एवढं चांगलं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. थकलेल्या पोराला आईने आवाज दिला नाही तर कोण देणार, असं म्हणालो. अक्का पदराने डोळे पुसू लागली. लता रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी बाजारात गेली आणि कुंभाराच्या ढिगातून बोटाने वाजवून वाजवून एक घागर घेऊन आली.

५

आखाजीच्या दिवशी घरात आंब्याचा आणि पुरणाचा वास भरून राहिला होता. गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीपाशी तीन घागरी मांडल्या. तिन्हींत पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. तिसरी घागर लताने स्वतः भरली. भरताना पाणी सांडू नये म्हणून ती अशी जपत होती की जसं काही त्या घागरीत झोपलेलं बाळ आहे.

नंतर गोवरीचे निखारे काढून त्यावर तूप सोडलं. ह्याला आम्ही आगारी म्हणतो. निखाऱ्यावर पुरणपोळीचा नि रसाचा घास टाकायचा, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि जेवायला बोलवायचं. हे पुरुषमाणसाचं काम. आबांना बोलावलं, आईला बोलावलं. तिसरा घास मी उचलला तेव्हा लताने माझा हात धरला.

"त्यानं नाव मी घेसू."

अक्का काही बोलणार होती, मी मान हलवली. लताने पोळीचा तुकडा रसात बुडवला. तिच्या बोटांवरून रस मनगटापर्यंत ओघळला. ती निखाऱ्याकडे न बघता उघड्या दाराकडे बघत होती. दारात उन्हाचा चौकोन पडला होता, बाकी काही नव्हतं.

"ललित," तिने हाक मारली. अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं, तशीच. "ये रे भाऊ. आते बस. जेवी ले."

तिने घास टाकला. तूप चरचरलं, धूर उठला. धूर आतापर्यंत दाराकडे जात होता, तो आत वळला. गल्लीतली गाणी कधी थांबली ते कळलं नाही.

मग एक झालं, आणि ते एवढंच झालं. मी आणि लता दाराच्या तोंडाशी समोरासमोर बसलो होतो, पाय पसरून. आम्ही दोघांनी एकाच वेळी पाय आखडून घेतले. बाहेरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पाय आखडल्यावर आमची नजरानजर झाली आणि मला दिसलं की लताचा चेहरा भीतीने पांढरा झाला आहे. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. आमच्या मधल्या जागेतून ऊबदार वारा गेला, त्याला धुळीचा आणि घामाचा वास होता. दुपारच्या झळा असतात, त्यांनाही असाच वास येतो.

आम्ही जेवलो. लता जेवली नाही, पण मी आग्रह केला नाही. दुपारी ती तिसऱ्या घागरीशेजारी जमिनीवरच झोपली, आणि मी पडवीत गेलो. कव्हर भट्टीसारख्या त्या हवेतही गार होतं. नुसतं गार नाही, माठातल्या पाण्यासारखं. मी वाट बघितली. टिक झालं नाही.

सकाळी खड्ड्यात नवी रेघ नव्हती. मी लताला तसं सांगितलं. "थांबला," मी म्हटलं. ती हो म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी नेहमीसारखं पोतं अंथरलं.

६

फोन दुपारी आला. चोपड्याकडच्या एका पोलीस ठाण्यातून होता. हातावर ललित असं गोंदलेला एक माणूस मिळाला आहे, तुमची जुनी तक्रार आहे, ओळख पटवायला या. माणूस कसा आहे ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही, आणि त्यांनी ते टाळलं हे मी लताला सांगितलं नाही. अक्काला तिच्याजवळ ठेवून मी एसटी पकडली. अमळनेर गेल्यावर तापीचा पूल लागला. मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत चादर बाजूला केली. दाढी छातीपर्यंत वाढली होती, गालफडं बसली होती, कातडी उन्हाने काळी पडली होती. पण कपाळ त्याचं होतं. उजव्या भुवईवरची खोक त्याची होती. मी हो म्हटलं. वॉर्डबॉय पायाकडची चादर काढायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि तेवढी राहू दे म्हणालो.

बरोबरचा हवालदार भला माणूस होता. त्याने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"काही महिने इकडेच फिरत होता, काका," तो म्हणाला. "सातपुड्याच्या अंगाने आला म्हणतात. कुणाला त्रास नाही. बोलायचा नाही, फक्त चालायचा. लोक म्हणतात, त्याला बसलेला कुणी पाहिलाच नाही. आखाजीच्या सकाळीसुद्धा ह्या रस्त्याने गेला, दूधवाल्यांनी बघितला. दुपारी एकदम वळला, निंबाखाली गेला आणि बसला. मांडी घालून, जेवायला बसतात तसा. शेतातले लोक बघत होते. थोड्या वेळाने जाऊन बघितलं, तर गेलेला."

म्हणजे आखाजीच्या सकाळी माझा मुलगा जिवंत होता. आम्ही घागर भरत होतो, डांगर ठेवत होतो, निखारे काढत होतो, तेव्हा तो इथे चालत होता. कदाचित धुळ्याच्या रस्त्यानेच चालत होता. मी हवालदाराला विचारलं, तोंड कुठल्या बाजूला होतं? त्याला प्रश्न कळला नाही.

"ऊन लागलं असेल," तो म्हणाला. "ह्या दिवसांत रोज एखादा जातो. अंगात काही उरलं नव्हतं, काका. एवढंच समाधान माना की उपाशी गेला नाही. हाताला रस लागला होता, तोंडालाही. आंब्याचा."

"कुणी दिला?"

"विचारलं आम्ही. शेतातले म्हणतात, जवळ कुणी गेलंच नाही." त्याने खांदे उडवले. "सणाचा दिवस होता. दिला असेल कुणीतरी."

एरवी मी म्हटलं असतं तसलंच वाक्य त्याने म्हटलं होतं. मी ते घट्ट धरलं. येताना दवाखान्याच्या गाडीत ललितशेजारी बसून मी तेच मनात म्हणत होतो. सणाचा दिवस, दिला असेल कुणीतरी. कुठल्या तरी बाईला दया आली असेल. बांधावरून हाक मारली असेल.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा रात्र झाली होती. शेजारची माणसं आधीच जमली होती, असल्या बातम्यांना पाय असतात. लता उंबऱ्यावर बसली होती. अक्का तिला धरायला गेली, पण तिला धरायची गरज नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय सांगायचं ते वाटेत जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"कव्हय?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "आखाजीले," मी म्हटलं. "दुपारी."

तिने मान हलवली. ती गाडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तो जेवेल व्हता का?"

"हो. रस खायेल व्हता. हाताला होता, तोंडाला होता. उपाशी गेला नाही, लता. सणाचा दिवस, दिला असेल कुणीतरी."

"कोनीतरी नही," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, हिशोब चुकवणाऱ्या दुकानदाराला सांगावं तसा. "मी दिधा. मीच बलायं त्याले. बस म्हनं, आनि तो बसना."

माझी सगळी कारणं होती तिथेच होती. ऊन होतं, उपासमार होती, दयाळू बाई होती. मी एकही काढलं नाही.

"मी तुले सांगं म्हनीसन," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि मला बाजूला करून गाडीकडे गेली.